उंदराची भीती आणि खंडेनवमीचं खोबरं

आमच्या घरी उंदरांना कसलीच भीती नव्हती. भीती असायची ती आम्हाला, उंदरांची.

बाबा राजापूर तालुक्यातल्या एका चिरेखाणीवर कामाला होते. जांभ्याचे कापून निघालेले चिरे उचलायचे आणि ट्रकात रचायचे. पावसाळा लागला की खाणीत पाणी भरतं, खाण बंद होते आणि तिच्याबरोबर मजुरीही. आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. काजूच्या तेलाने तिच्या बोटांची सालं बारमाही निघालेली असायची. पावसात तेही काम मंदावायचं. मग आमचं घर चालायचं ते माजघरातल्या कणगीवर. कणगी म्हणजे बांबूच्या पट्ट्यांची विणलेली, शेणाने सारवलेली, माणसाएवढी उंच टोपली. वर्षाचं भात तिच्यात. त्या भातावर दोन कुटुंबं जगायची, एक आमचं आणि दुसरं कणगीच्या तळाशी राहणाऱ्यांचं. त्यांचं कुटुंब मोठं होतं.

एका श्रावणात आईने कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ भरून वर काढली ती नुसत्या फोलपटांची. खालून भोक पाडून त्यांनी आतल्या आत सगळं सोलून खाल्लं होतं. वरचा पातळ थर तेवढा शिल्लक ठेवला होता, बहुधा आम्हाला संशय येऊ नये म्हणून. त्या वर्षी भातकापणीपर्यंत आम्ही पेज प्यायलो. पेजेत शीत कुठे आहे ते शोधून काढणं हा आम्हा भावंडांचा खेळ होता. खेळ छान होता, पण कोणी फारसं जिंकायचं नाही.

त्यानंतर मला नोकरी लागली, बिनपगारी. घरात धड उजेडाचा बल्ब एकच, तो कणगीच्या डोक्यावर. अभ्यासाला उजेड हवा आणि भाताला राखण, म्हणून मी कणगीला पाठ लावून बसायची. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात काठी. शाळा संपेपर्यंत माझं शिक्षण असं दोन्ही हातांनी झालं. नुसता हिंडणारा उंदीर नाक जमिनीला लावून चालतो. त्याला काही खायला मिळालं की मागच्या पायांवर बसतो, पुढचे दोन्ही पाय तोंडाशी धरतो आणि पाठीचा गोळा करतो. नाक खाली असलं तर काठी उचलायची नाही, तो पळतो. पाठीचा गोळा झाला की मारायची. हे मला भूमितीच्या आधी येत होतं.

बाबांचा सापळ्यावर जास्त विश्वास. चुलीत खोबऱ्याचा तुकडा भाजायचे, सापळ्याच्या आकड्याला लावायचे आणि दर वेळी तेच म्हणायचे, "उंदीर भित्रा असतो गो. पन खोबऱ्याचा वास आला का तो भीती बिळात ठेवून येतो."

मी बारावी झाले, बी. फार्म. झाले आणि पुढे रत्नागिरीच्या एका कॉलेजात एम. फार्म.ला लागले. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. वाडीतली काही मुलं मुंबईला नोकरीला गेली होती, पण ती कॉलेजच्या समोरून. हे मी अभिमानानेच लिहिते. नम्रपणा ज्यांच्या भिंतीवर तीन पिढ्यांच्या पदव्या टांगलेल्या आहेत त्यांनी दाखवावा. आमच्या भिंतीला तेव्हा खिळासुद्धा नव्हता.

तर अशा घरातली मी, आणि एम. फार्म.ला मला विषय मिळाला उंदरांची भीती मोजण्याचा.

ही बातमी मी घरी जाऊन सांगितली तेव्हा आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"म्हंजे उंदीर भितो का नाय, ते बघायचं?"

मी म्हटलं, किती भितो ते बघायचं. औषध देऊन भीती कमी होते का, तेही बघायचं.

"कमी?" आई बाबांकडे वळली. "ऐकलंत? आपन जल्मभर त्यास भिववतोय, नि लेक जाऊन त्याची भीती घालवनार."

मग मी आणखी एक चूक केली. नव्या जागी सोडल्यावर उंदीर किती लेंड्या टाकतो तेही मोजतात, घाबरला की जास्त टाकतो, असं भोळेपणाने सांगून टाकलं.  आईने भाकरी तव्यावर टाकली, उलटली, आणि मग शांतपणे म्हणाली, "त्यासाठी रत्नागिरीस कशाला ऱ्हायचं, बाय? कणगीमागं बस."

कॉलेजातले उंदीर पांढरेशुभ्र, गुलाबी कानांचे, हातात मावणारे. त्यांची खोली आमच्या हॉस्टेलपेक्षा बरी होती. हवा ठराविक, उजेड ठराविक, जेवणाच्या गोळ्या पौष्टिक, अंथरूण आठवड्यातून दोनदा नवं. वीज गेली की इन्व्हर्टर आधी त्यांचा चालू व्हायचा. आम्ही मुली काळोखात वरण शोधायचो आणि खिडकीतून प्राणीगृहाचा पंखा फिरताना बघायचो. कागदोपत्री तेच चिंताग्रस्त होते.

म्हणजे तसंही लिहिता येत नाही. ही शास्त्राची सभ्यता आहे. उंदराला चिंता आहे असं म्हणायचं नाही, कारण त्याला कोणी विचारलेलं नाही. म्हणायचं 'चिंतासदृश वर्तन'. तो कोपऱ्यात बसला, अंग चोरून चालला, उजेड टाळला, तर ते वर्तन चिंतेसारखं दिसतं एवढंच आपण सांगतो. मला हा शब्द फार आवडला. आमच्या वाडीत माझ्या लग्नाची चौकशी करणाऱ्या बायकांचं वर्तनही असंच मोजलं पाहिजे असं वाटलं. काळजी म्हणता येत नाही, पण काळजीसारखं दिसतं खरं.

माझे गाईड सर चांगले होते. हे आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर पुढे राहून जाईल. वेळेवर यायचे, शिकवायचे मन लावून, मुलींना घालून-पाडून बोलायचे नाहीत. त्यांचा फक्त एका गोष्टीवर अपार विश्वास होता, कोकमावर. कोकमाच्या सालीचा अर्क घेतला की मन शांत होतं, ते एकदा शास्त्राने सिद्ध केलं की कोकण जगाच्या नकाशावर येईल, असं ते वर्गात आणि वर्गाबाहेरही सांगायचे. मी एकदा म्हटलं, सर, आपल्याकडे घरोघरी कोकमाचं सरबत पितात, रोज सोलकढी पितात, तरी आंब्याचा मोहोर गळाला की अख्खा जिल्हा तळमळतो. सर म्हणाले, "ते सरबतात साखर फार घालतात म्हणून." तिथे विषय संपला.

भीती मोजायचं साधन अगदी साधं असतं. अधिकच्या चिन्हासारख्या चार फळ्या, कमरेएवढ्या उंचीवर. समोरासमोरच्या दोन फळ्यांना दोन्ही बाजूंनी भिंती, उरलेल्या दोन उघड्या. आम्ही त्याला प्लस मेझ म्हणायचो. उंदराला मधोमध ठेवायचं आणि पाच मिनिटं बघायचं. उंदराला मुळात कडेला, भिंतीला चिकटून राहायला आवडतं. जितका घाबरलेला, तितका भिंतींच्या आत. भीती कमी झाली की तो उघड्या फळीवर येतो, कडेवरून खाली डोकावतो. उघड्यावर किती वेळ काढला ते मोजलं की झालं.

तयार मेझ महाग म्हणून सरांनी तो इथल्याच एका सुताराकडून करून घेतला, फणसाच्या फळ्यांचा. उघड्या फळ्यांवरून उंदीर घसरू नये म्हणून सुताराने कडेला बारीक पट्टी मारली होती. फळी आणि पट्टीच्या मध्ये एक चीर राहिली होती, नख जाईल एवढी. फणसाचं लाकूड पिवळं, सुंदर. सरांना मेझ इतका आवडला की ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. एका पाहुण्यांनी विचारलं, फुलदाण्या ठेवायला केलंय का?

उंदरांचे तीन गट. एकाला नुसतं पाणी, दुसऱ्याला भीती घालवणारी बाजारातली नावाजलेली गोळी, तिसऱ्याला सरांचं कोकम. तिन्ही गटांतले उंदीर मिसळून, आलटून-पालटून तपासायचे असतात. पुस्तकात तसं लिहिलेलं आहे आणि सरांनीच ते मला शिकवलं होतं. पण पाण्याच्या आणि गोळीच्या गटाची तपासणी सरांनी नवरात्राआधीच उरकायला लावली आणि कोकमाचा गट मागे ठेवला. मी कारण विचारलं. सर म्हणाले, कोकमाची सुरुवात दसऱ्याला करू. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, त्या दिवशी सुरू केलेलं काम फसत नाही.

"मग सगळेच दसऱ्याला करू या ना, सर."

सर हसले. "पाणी पिणाऱ्याला मुहूर्त कशाला?"

आता खंडेनवमीचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच घडलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. शेतकरी कोयती-नांगर पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो. बाबा खाणीवरच्या कटर मशिनला हार घालायचे. ज्याच्या जिवावर पोट भरतं त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे, यात मला काही वावगं वाटत नाही, आजही वाटत नाही. आमच्या विभागातही दरवर्षी वजनकाट्याला, सूक्ष्मदर्शकाला, फ्रिजला हळदकुंकू लागायचं. त्या वर्षी मानाचं हत्यार होतं प्लस मेझ.

मला सुट्टी नव्हती, म्हणून आईने घरच्या माडाचा नारळ आणि झेंडूची फुलं एस.टी.च्या ड्रायव्हरकडे पिशवीतून दिली. सरांनी तो नारळ मेझच्या पायाशी फोडला आणि पाणी चारी फळ्यांवर शिंपडलं. मधोमध स्वस्तिक काढलं. झेंडूच्या माळा भिंतीवाल्या फळ्यांना छान बसल्या. राहिला नैवेद्य. मी खोबरं किसलं, त्यात साखर मिसळली. आता वाटी ठेवायची कुठे? भिंतींच्या आत हात जाईना. उघडी फळी चौरंगासारखी सपाट. सरांनी वाटी तिथे ठेवली आणि मग प्रसाद वाटायलाही तिथेच उभे राहिले. विभागातल्या सगळ्यांनी येऊन, हात पुढे करून, त्या फळीवर सांडत सांडत खोबरं-साखर खाल्ली. मीही खाल्ली. घरचा नारळ होता.

संध्याकाळी मी मेझ स्पिरिटने पुसला. लाकूड चकचकीत झालं. स्वस्तिक थोडं राहिलं, ते सर म्हणाले राहू दे.

दसऱ्याला कॉलेज बंद. सरांनी प्रयोगशाळा खास उघडली. मी पडद्याआड बसले, वर छताला मोबाइल बांधून चित्रण चालू केलं आणि कोकमाच्या गटातला पहिला उंदीर मधोमध ठेवला. तो क्षणभर थबकला, नाक हलवलं आणि चालत उघड्या फळीवर गेला. चालत. गोळी घेतलेले उंदीरसुद्धा एवढे सरळ गेले नव्हते. दुसराही गेला. तिसरा भिंतीच्या आत शिरला आणि आपण काहीतरी विसरलो असं आठवून परत बाहेर आला. दर उंदरानंतर मी मेझ पुसत होते आणि दर उंदीर उघड्यावर जाऊन बसत होता. पडद्यापलीकडे सर नुसते उभे होते. शेवटच्या उंदरानंतर त्यांनी मला आपट्याची पानं दिली आणि म्हणाले, "पोरी, सोनं झालं."

मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. असा निकाल लागला म्हणजे प्रबंध वेळेत, पदवी वेळेत. एका औषध कंपनीत जागा निघणार होती, सर तिथे शब्द टाकणार होते. घरी सांगायचंच काय ते उरलं होतं.

पुढचे दिवस मिरवणुकीसारखे गेले. विभागात पेढे वाटले गेले. सरांनी एका परिषदेला सारांश पाठवला. कोणीतरी वार्ताहराला कळवलं आणि इथल्या एका पेपरात चौकटीत बातमी आली, कोकमाने चिंता पळवली, रत्नागिरीच्या कन्येचं संशोधन. उंदीर बातमीत नव्हतेच. बाबांनी तो पेपर खाणीवरच्या मुकादमाकडून वाचून घेतला, मग एस.टी. स्टँडवर कंट्रोलरकडून, मग पुन्हा वाडीत. कात्रण भिंतीवर लावायला त्यांनी खिळा ठोकला. पहिला खिळा.

परिषदेत दाखवायला सरांना चित्रणाचा छोटा तुकडा हवा होता. तो काढायला मी बसले. वरून घेतलेलं चित्रण, उंदीर म्हणजे पांढरा ठिपका, ठिपका उघड्यावर की आत एवढंच बघायचं. पण मला चांगला दिसणारा उंदीर हवा होता म्हणून मी चित्र मोठं केलं.

ठिपका हलत नव्हता. उघड्या फळीवर निर्भय झालेला उंदीर हिंडतो, वास घेतो, खाली डोकावतो. हा कडेच्या पट्टीशी बसला होता आणि त्याच्या पाठीचा गोळा झाला होता.

माझा उजवा हात काठीसाठी बाजूला गेला. खरंच गेला.

मी दुसरा बघितला, तिसरा बघितला. सगळे त्याच फळीवर, त्याच पट्टीशी, सगळ्यांच्या पाठीचे गोळे. प्रयोगशाळेत गेले, केसातली पिन काढली आणि त्या चिरेत फिरवली. पिनेला खोबऱ्याचा कीस लागला, साखर लागली आणि दोन मुंग्या. वरून पुसलेलं स्पिरिट आत पोचलंच नव्हतं. आम्ही भीती मोजायचं यंत्र उभं केलं होतं आणि खंडेनवमीला पूजा करून त्याचा सापळा केला होता. बाबा खोबरं भाजून लावायचे, आम्ही साखर घालून लावलं.

मी पिन कागदावर ठेवली, कागद तसाच सरांच्या टेबलावर नेला आणि सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग वाकून मुंग्या बघितल्या.

"कोणाला बोललीस?"

"नाही, सर."

"मग बोलू नकोस. थोडं खोबरं असेल. सगळा परिणाम खोबऱ्याचा कशावरून?"

"कोकमाचा कशावरून?"

सर थोडे चिडले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले की आपण वाईट काही केलेलं नाही, देवाचं केलंय. मुहूर्तावर जे यश आलं तो प्रसाद समजावा. प्रसादाला नाही म्हणू नये.

"सर, प्रसाद उंदरांनी खाल्लाय."

यावर सर उठले, आतल्या केबिनमध्ये गेले आणि दार ओढून घेतलं. मी बाहेर उभी राहिले. सवयीने माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. पाच मिनिटं झाली. सर एकदाही उघड्यावर आले नाहीत.

मलाही भिंत हवी होती, पण माझ्या बाजूला नव्हती. निकाल मागे घ्यायचा म्हणजे नवे उंदीर मागायचे, कारण एकदा मेझवर चढलेला उंदीर पुन्हा धरत नाहीत, त्याला परीक्षा कळलेली असते. (विद्यापीठाने आमच्यासाठी असा विचार कधी केला नाही. आमचे प्रश्न दरवर्षी तेच.) नवे उंदीर म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांना मान्यता देणाऱ्या समितीची नवी परवानगी, नवी परवानगी म्हणजे सहा महिने, आणि कंपनीतली जागा सहा महिने कोणी धरून ठेवत नाही. गप्प बसले तर सगळं होतं. पदवी होती, नोकरी होती, भिंतीवर बातमी होती. फक्त प्रबंध खोटा. आमच्या घरातलं पहिलं पुस्तक मी लिहिणार होते आणि त्यात वर भाताचा थर आणि खाली फोलपटं असणार होती. ते मला जमण्यातलं नव्हतं.

घरी फोन लावला. बाबांनी उचलला. मी सांगत गेले, ते हं हं करत गेले. शेवटी म्हणाले, "म्हंजे उंदरानं खोबरं खाल्लं, नि मान कोकमास मिळाला."

"होय."

"आनि नारळ आपला."

"होय, बाबा."

ते हसायला लागले. मागून आईचा आवाज आला, काय झालं म्हणून. त्यांनी तिला सांगितलं. ती फोनवर आली आणि म्हणाली, पुढच्या वेळी सरांना सांग, नारळ आमच्याकडून मिळणार नाय. मग पुन्हा बाबा.

"मग ता कात्रन काढू काय भिंतीवरनं?"

मी म्हटलं, काढा.

 "नको. खिळा ठोकलाय. वरनं कॅलेंडर लावतो."

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे परत गेले. भांडायला नव्हे. एवढंच विचारलं की व्हायवाला बाहेरून परीक्षक येतील, ते म्हणतील पाण्याचा गट नवरात्राआधी का, कोकमाचाच दसऱ्याला का, तर मी काय उत्तर देऊ? मुहूर्त होता म्हणून सांगू? सर खुर्ची मागे सरकवून भिंतीला टेकले. त्यांना मी एवढ्या दिवसांत असं अंग चोरून बसलेलं बघितलं नव्हतं. चिंता होती असं मी म्हणणार नाही, मी त्यांना विचारलं नाही. वर्तन तसं होतं.

"तुझी नोकरी जाईल, माहितेय ना?" ते म्हणाले.

"माहितेय."

"आणि कोकमाने काहीच झालं नाही तर?"

"तर तसं लिहू."

सरांनी नव्या उंदरांच्या अर्जावर सही केली. परिषदेचा सारांशही मागे घेतला, आणि ते पत्र त्यांनी स्वतः लिहिलं. सर चांगले होते असं मी आधी म्हटलंय, ते याचसाठी.

परवानगी यायला पावसाळा आला. कंपनीतली जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. मेझच्या फळ्यांवर आम्ही गुळगुळीत प्लास्टिकचे पत्रे बसवले, पट्ट्या काढल्या, सगळ्या चिरा बुजवल्या. तिन्ही गट एकत्र मिसळले आणि कुठल्या पिंजऱ्यातल्या उंदराला काय दिलंय ते मला कळणार नाही अशी व्यवस्था केली. तपासणी अमावास्येला सुरू झाली. दिवस सरांनीच ठरवला. मुद्दाम, बहुधा स्वतःलाच दाखवायला.

गोळीवाले उंदीर उघड्यावर आले. पाणीवाले आतच राहिले. कोकमवाले पाणीवाल्यांच्या शेजारी, भिंतीला चिकटून, उंदरांसारखे बसले. सरांनी आकडे दोनदा बघितले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले की कोकमाचा पचनावर परिणाम बघायला हरकत नाही. श्रद्धा अशी एका दिवसात जात नाही आणि जावी असंही मला वाटत नाही.

पुढची खंडेनवमी आली तेव्हा विभागात प्रश्न उभा राहिला की मेझची पूजा करायची की नाही. न करणं कोणाच्याच जिवाला बरं वाटेना, माझ्याही नाही. शेवटी सरांनी मेझचा रंगीत फोटो काढून चौकटीत बसवला. हार त्याला, हळदकुंकू त्याला, नैवेद्य त्याच्यापुढे. मेझ कुलपात. नारळ बाजारातून आणला.

व्हायवाला आलेल्या परीक्षकांनी प्रबंध चाळला, निष्कर्षाच्या पानावर थांबले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, एवढं करून काही निघालं नाही?

"निघालं ना, सर. कोकमाने उंदराची भीती जात नाही, हे निघालं."

ते सरांकडे बघून हसले. सरांनी मान खाली घातली, पण तेही हसत होते.

आता मी औषधं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. पहिल्या पगारातून घरी भातासाठी पत्र्याची झाकणबंद कोठी घेतली. उंदीर येतात, खालून वास घेतात, नाक जमिनीला लावून परत जातात. आईने कणगी मोडून चुलीत घातली. भिंतीवरचं कॅलेंडर निघालं, त्याच खिळ्याला आता माझी पदवी आहे.

मी एम. फार्म. झाले. आमच्या घरातली पहिली. माझ्या प्रबंधाच्या शेवटच्या पानावर लिहिलंय की कोकमाच्या अर्काने चिंतासदृश वर्तनात फरक आढळला नाही. ते खरं आहे.